गुरुवारची सुटी आणि मुलांचा मे महिना

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा वार इतर गावांपेक्षा निराळा उगवतो. भोसरीतील लहान कारखान्यांची दारे त्या दिवशी बंद असतात, यंत्रांचा आवाज थांबलेला असतो, आणि एरवी पहाटे डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट पाहणारा कामगार उन्हे वर येईपर्यंत घरी दिसतो. विजेचा भार आठवड्याच्या सर्व दिवसांवर विभागला जावा म्हणून निरनिराळ्या औद्योगिक क्षेत्रांना सुटीचे निरनिराळे वार वाटून देण्याची पद्धत पडली. तीत या भागाच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो रुळला. वीजव्यवस्थेच्या दृष्टीने ही योजना शहाणपणाची होती, याविषयी वाद नाही. मात्र ती आखताना कामगाराच्या मुलाचा विचार कोणाच्या मनात आला नसावा. बहुतेक शाळा गुरुवारी भरतात आणि रविवारी बंद असतात.

याचा परिणाम असा की, वर्षातील दहा महिने बाप घरी असतो तेव्हा मूल शाळेत असते आणि मूल घरी असते तेव्हा बाप कामावर असतो. त्यात पाळ्यांची भर पडते. पहिल्या पाळीचा कामगार मूल उठण्यापूर्वी घर सोडतो. दुसऱ्या पाळीचा परततो तेव्हा ते झोपी गेलेले असते. तिसऱ्या पाळीचा दिवसा घरीच असतो, पण दोन खोल्यांच्या त्या घरात ‘बाबा झोपलेत, आवाज करू नका’ एवढेच त्याचे अस्तित्व मुलाला जाणवते. चाकणकडे रोज जाणाऱ्यांचे आणखी काही तास नाशिक रस्त्यावरील वाहनांच्या कोंडीत जातात. आई नोकरी करीत असेल तर तिच्या वेळापत्रकाचा तिसराच हिशेब असतो. एका छपराखाली राहणारी ही माणसे परस्परांना भेटतात ती स्थानकावरच्या प्रवाशांसारखी.

या परिसराची वाढच अशी झाली की कुटुंबाला दुसरा आधार उरू नये. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर शेतांच्या जागी कारखान्यांच्या शेडी उभ्या राहू लागल्या. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १७ लाख २७ हजार भरली. हे लोक मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून आणि पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथूनही आले. येताना त्यांनी हातातले कौशल्य आणले, पण आजी-आजोबा, काका-आत्या आणि अंगण ही गावीच राहिली. ज्या घरात चार मोठी माणसे असतात तेथे बापाच्या गैरहजेरीची उणीव थोडीफार भरून निघते. येथे ती भरून काढणारे कोणी नाही.

उन्हाळ्याच्या सुटीकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. मे महिन्याच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत शाळा साधारणपणे बंद असतात. या अवधीत सहा गुरुवार येतात. वर्षातील बावन्न गुरुवारांपैकी ज्या दिवशी कामगार बाप आणि त्याचे लहान मूल दोघेही दिवसभर मोकळे असतात, असे दिवाळीचे एकदोन सोडले तर हेच सहा. औद्योगिक पट्ट्यातील कुटुंबाच्या खात्यावर जमा असलेली ही खरी शिल्लक होय. प्रश्न एवढाच की ती कशी खर्च होते?

काही मुले गावी जातात. ते उत्तमच, पण तेथे त्यांना आजोबा भेटतात, बाप भेटत नाही. पुष्कळ मुलांची सुटी अलीकडे शिबिरांत आणि वर्गांत जाते. दोघे पालक नोकरीवर असताना मुलाला सुरक्षित ठिकाणी ठेवणे ही गरज असते, तेव्हा शिबिरांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. उरलेल्यांची सुटी मोबाइलच्या पडद्यावर सरते. खेद वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हस्तकला म्हणून मुलाच्या हाती आज एक खोके दिले जाते. त्यात कापलेला कागद, मोजलेला डिंक आणि क्रमवार सूचना असतात. सूचनांबरहुकूम तुकडे चिकटवले की वस्तू तयार होते. ही हस्तकला नव्हे, ही जुळणी झाली. आणि जुळणीचे काम या पट्ट्यात आठ-आठ तास करणारी माणसे काही कमी नाहीत. मुलानेही सुटीत तेच करावे काय?

यातील विसंगती अशी की, हे खोके ज्या घरात येते त्या घरातला बाप अनेकदा टर्नर, फिटर, वेल्डर किंवा टूलमेकर असतो. मिलिमीटरच्या शतांशापर्यंत पोलाद कापण्याची किमया त्याच्या बोटांत असते. पण कारखान्याच्या फाटकाच्या आत मुलाला प्रवेश नसतो. त्याला बाप कंपनीत ‘जातो’ एवढे ठाऊक असते. तो तेथे काय ‘करतो’ ते ठाऊक नसते. सुताराच्या, कुंभाराच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलाला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण बापाचे काम त्याच्या डोळ्यांसमोर चाले. कारखान्याने ते काम भिंतीआड नेले. बापाच्या हातांची ओळख मुलाला करून द्यायची तर ती घरातच करून द्यावी लागेल, आणि त्यासाठी फार साहित्य लागत नाही. आंब्याची कोय घासून तिची पुंगी करता येते. काडेपेट्यांची आगगाडी होते, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली होते, पुठ्ठ्याच्या खोक्याचे घर होते. आई किंवा आजी गोधडी घालत असेल तर धावदोरा घालायला पाच वर्षांचे मूलही शिकते. कुरडया आणि सांडगे वाळत घालणे, कावळ्यांपासून ते राखणे, यातही उन्हाळ्याचा अभ्यासक्रम आहे. वस्तू वेडीवाकडी झाली तरी बिघडत नाही. चूक कशी दुरुस्त करतात ते मुलाने बापाच्या हातून पाहावे, यातच तिचे मोल आहे.

बालशिक्षणाचा इतिहास पाहिला तर तो वारंवार कष्टकऱ्यांच्या वस्त्यांपाशी येऊन थांबतो, हे लक्षात येईल. स्कॉटलंडमधील न्यू लानार्कच्या गिरणीगावात रॉबर्ट ओवेनने १८१६ मध्ये कामगारांच्या लहान मुलांसाठी शाळा उघडली. मारिया माँटेसरींचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत सुरू झाले. आईबाप दिवसभर कामावर असल्याने एकट्या पडलेल्या मुलांची सोय करणे हे त्याचे मूळ निमित्त होते. महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने हे काम गरिबांच्या अंगणात नेले. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी बिया, पाने, माती आणि शिंपले आणले. हाताने काम करीत शिकण्याचा विचार गांधीजींनी १९३७ च्या वर्धा परिषदेत देशापुढे मांडला होता.

या परंपरेशी पिंपरीचेही एक नाते आहे. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेले अभियंते टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, पुण्यातील कारखान्यात मालमोटारी बनविण्याच्या कामावर होते. १९७८ मध्ये ते रजा घेऊन होशंगाबादच्या ग्रामीण विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमात गेले. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या, आणि पुढे टाकाऊ वस्तूंची खेळणी करण्यातच आयुष्य घातले. पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मालमोटार बनविणारे हात खेळणे बनवू शकतात, याचा याहून जवळचा दाखला शोधण्याची गरज नाही.

जी गोष्ट हस्तकलेची तीच सहलीची. सहल म्हणजे महागडे तिकीट आणि गर्दीचे उद्यान, अशी समजूत होऊन बसली आहे. वास्तविक पुणे-लोणावळा लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डी या स्थानकांवर थांबते. सकाळच्या गाडीने मळवलीला उतरले की भाजे लेणी चालत गाठता येतात. तेथील चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात उतरविली आहे. छिन्नी म्हणजे काय, हे जाणणारा बाप त्या भिंतीपुढे कोणत्याही मार्गदर्शकाहून सरस ठरेल. चाकणच्या मुलाला तर रेल्वेचीही गरज नाही. दिवाळीत तो अंगणात मातीचा किल्ला करतो, पण गावातल्या संग्रामदुर्गाचे उरलेले तट त्याने पाहिलेले असतातच असे नाही. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाईस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजविलेला हाच तो भुईकोट. चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आहे, देहूला इंद्रायणीचा घाट आहे. उन्हे चढण्यापूर्वी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परतावे, इतक्या अंतरावर हे सारे आहे. मात्र पहाटे चार वाजता उठून आईने पुऱ्या तळायच्या आणि इतरांनी हिंडायचे, ही सहलीची जुनी रीत आता मोडायला हवी. भाकरी आणि चटणी बापालाही बांधता आली पाहिजे.

यावर आक्षेप येईल की, हा उपदेश कायम कामगारांपुरता ठीक आहे. ज्याचा खाडा झाला की पगार कापला जातो, त्या कंत्राटी कामगाराने काय करावे? आक्षेप खरा आहे आणि त्याला केवळ सदिच्छेने उत्तर देता येणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात भरपगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस कामाची अट होती. २०२० च्या संहितेने ती १८० दिवसांवर आणली. पण काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन कामगाराला पुन्हा नवा ठरविण्याची प्रथा जोवर चालू आहे, तोवर ही सवलत त्याच्या घरापर्यंत पोहोचणे कठीण आहे. तसेच पाळणाघराचे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी २०१७ च्या दुरुस्तीने टाकली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. भोसरीच्या गल्लीबोळांतील कित्येक शेडींत मात्र पन्नास माणसे कधी भरतच नाहीत. अशा लहान कारखान्यांनी एकत्र येऊन औद्योगिक क्षेत्रनिहाय पाळणाघर काढणे अशक्य नाही. रस्ता, पाणी आणि वीज यांसाठी उद्योजकांच्या संघटना एकत्र येतात. कामगारांच्या मुलांसाठीही त्यांनी एकत्र यावे.

बाकीच्या गोष्टींना तर पैसाही फारसा लागणार नाही. मे महिन्याच्या पाळ्या लावताना लहान मुलांच्या पालकांना गुरुवारी जादा कामावर बोलावू नये, आणि बुधवारची रात्रपाळी शक्यतो देऊ नये, एवढा नियम व्यवस्थापनाला सहज पाळता येईल. सुरक्षिततेची काळजी घेऊन वर्षातून एक दिवस कामगाराच्या मुलांना बापाचे यंत्र दाखविता येईल. महापालिकेला उन्हाळ्यातील गुरुवारी सकाळी आपल्या शाळांची मैदाने व एखाददुसरी खोली मुलांसाठी उघडी ठेवता येईल. तेथे निवृत्त कारागिरांना बोलावले तर त्यांचाही मान राहील. आणि शिक्षकांनी सुटीचा गृहपाठ देताना दुकानातून आणावा लागणारा प्रकल्प न सांगता, आई किंवा बाबांबरोबर घरातल्या वस्तूंतून एक काहीतरी करून आणा, एवढेच सांगावे. जूनमध्ये वर्गात येणाऱ्या त्या वाकड्यातिकड्या वस्तू मुलाच्या घराविषयी शिक्षकाला जे सांगतील ते कोणत्याही प्रगतिपुस्तकात सापडणार नाही.

लहानपण थांबून राहत नाही. आज सहा वर्षांचे असलेले मूल बापाचे बोट धरून चालण्यास कंटाळेल, त्याला फार वर्षे लागणार नाहीत. असे उन्हाळे प्रत्येक घराला पाच-सहाच मिळतात. गुरुवारांच्या भाषेत सांगायचे तर तीस ते छत्तीस. या पट्ट्यात सुट्या भागांची मोजदाद नगानगाने होते, एक नग कमी पडला तर साखळी थांबते. तेवढ्याच काटेकोरपणे हे गुरुवार मोजले गेले, तर दहा महिने परस्परांना ओझरते भेटणारे बाप आणि मूल निदान सहा दिवस एका चटईवर बसून एक पुंगी घासतील, आणि ती कोणाची आधी वाजते यावरून भांडतील.