वाकड्या लाकडाचे मोल

अमेरिकेतील ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे १८४१ साली बांधलेले व्हेलच्या शिकारीचे लाकडी शिडाचे जहाज. त्याच्या फासळ्या कुजल्या होत्या. बदलायच्या तर मुळातच वाकडे वाढलेले ओकचे लाकूड हवे. सरळ लाकूड गोलाईत कापले, तर त्याचे तंतू तुटतात आणि ताकद जाते. पण एवढे जुने वृक्ष तोडणार कोण? २००५ सालच्या ‘कॅटरिना’ चक्रीवादळात अनेक ओक उन्मळून पडले होते. त्यांतले काही मिस्टिकच्या गोदीत आले. एकेक कुजकी फासळी काढून तिच्याच मापाची नवी बसवण्यात आली. सुमारे पाच वर्षे दुरुस्ती चालली. २०१४ साली जहाज पुन्हा सागरावर निघाले. तळाचा कणा मात्र मूळचाच! वाकड्यालाही मोल असते, ते असे.