निवाडा नको, सोबत हवी

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात स्त्रीवरील अत्याचाराची एखादी घटना उघड झाली की पुढच्या दोन-तीन दिवसांत काय होणार, हे आता ठरून गेले आहे. मेणबत्त्या, मूक मोर्चा, बंदची हाक, ‘फाशी द्या’चे फलक आणि या सगळ्याच्या पुढे तरुण मुले-मुली. तो संताप खोटा म्हणायचे कारण नाही, पण तो रस्त्यावर येतो तोवर सगळे घडून गेलेले असते. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये २०१७ साली ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेही गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेल्यानंतर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. तिच्यात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशभरातील स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कुणाकडे मदत मागितली होती, ना कुणाला काही सांगितले होते. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के होत्या, आणि त्यातही बहुतेकींनी माहेर, सासरची माणसे, मैत्रिणी, शेजारणी यांचेच दार वाजवले. पोलिसांपर्यंत पोचलेल्या अगदी थोड्या. म्हणजे कायदा, ठाणे आणि न्यायालय या साऱ्यांच्या अलीकडे एक मोठी मोकळी जागा आहे, आणि बहुसंख्य बायका तिथेच अडकतात. गावातल्या तरुणांनी काम करायचे ते या जागेत. मात्र तिथे न्यायाधीश होऊन शिरण्याचा मोह त्यांनी टाळला पाहिजे. बाईला गरज असते ती सोबतीची.

या मोहाला इथे इतिहासही आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीसह, गावोगाव न्यायदान मंडळे चालवली. तुफान सेनेत प्रामुख्याने तरुण पोरे होती. सावकारी आणि दरोडेखोरीच्या जोडीने बायको टाकणे, तिचा छळ करणे हेही या मंडळांनी गुन्हे मानले. खर्चाला आणि मानपानाला फाटा देणारी गांधी लग्नेही याच काळात लागली. घरातली मारहाण हा गावाचा प्रश्न आहे, ही कल्पना बाहेरून कुणी आणून दिली असे म्हणणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा. पण याच सरकारला लोकांनी ‘पत्री सरकार’ म्हटले ते तळपायावर बसणाऱ्या माराच्या शिक्षेवरून. परकी सत्ता आणि तिचे पोलीस समोर असताना त्या शिक्षेमागची निकड समजून घेता येते. आज कुणी तसे करू गेला तर तो सरळ गुन्हा ठरेल. त्या वारशातला प्रश्न हाती घेण्याचा भाग ठेवावा, शिक्षा देण्याचा भाग सोडून द्यावा.

काय ठेवायचे याचे धडे पुढच्या पिढीतल्या बायकांनी याच मातीत घालून दिले आहेत. १९८० च्या दशकात कासेगावच्या इंदूताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न उचलला. ‘नांदायला पाठवा’ एवढ्यावर विषय न संपवता त्यांनी स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड, घर, जमीन अशा मागण्या मांडल्या. टाकलेल्या बाईची पुन्हा कुणाच्या तरी दारात रवानगी करण्यापेक्षा तिला स्वतःचे दार मिळवून द्यायचे, ही त्यामागची समज होती. साताऱ्यात वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने लेक लाडकी अभियानातून गर्भलिंगनिदान करणारे डॉक्टर सापळे लावून पकडले आणि पुरावा घेऊन खटले लढवले. सांगलीत १९९० च्या दशकात ‘संग्राम’ आणि ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ यांनी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांनाच आरोग्य आणि हक्कांच्या कामाच्या केंद्रस्थानी आणले. ‘आम्हाला वाचवणाऱ्यांपासून वाचवा’ ही त्यांची घोषणा पुढे जगभर गेली. त्या घोषणेतला टोमणा आजच्या प्रत्येक तरुण मंडळाने कानात साठवावा असा आहे. जिच्यावर अन्याय झाला तिला न विचारता तिच्या भल्याचे ठरवणारे कितीही प्रामाणिक असोत, ते तिच्यावर आणखी एक सत्ता लादतात.

हिंसा होण्याआधी ती रोखता येते का, याचाही काही पुरावा आता हाती आहे. हरियाणात ३१४ सरकारी शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने त्यातल्या जवळपास निम्म्या शाळांत सातवी ते दहावीच्या मुलामुलींशी अडीच वर्षे सातत्याने चर्चा-वर्ग घेतले. मुलामुलींचे स्त्री-पुरुष समतेविषयीचे विचार लक्षणीय बदलले, घरकामात मुलांचा हात वाढला, आणि कार्यक्रम संपून दोन वर्षे झाल्यावरही बदल टिकून होता. युगांडाच्या राजधानीत, कंपालात, शेजारपाजारच्याच स्त्री-पुरुषांना तयार करून वस्त्यांमध्ये अशा गप्पा काही वर्षे चालवण्यात आल्या. तिथे वर्षभरात जोडीदाराची मारहाण सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण इतर वस्त्यांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास आढळले. दोन्हीकडे सातत्य होते आणि बोलणारी माणसे ओळखीची होती. महाराष्ट्रातही हरीश सदानी यांच्या ‘मावा’ या संस्थेने १९९३ पासून पुरुषांना, पुढे महाविद्यालयीन तरुणांना याच रीतीने बोलते केले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यातून वाढवलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा (अंनिस) ‘जोडीदाराची विवेकी निवड’ हा उपक्रम हुंडा, संशय, मालकी या गोष्टी लग्नाआधीच चर्चेला घेतो. एका दिवसाची शपथ आणि व्यासपीठावरचे भाषण यांच्याकडून असल्या बदलाची अपेक्षा करू नये. तालमीत, कबड्डीच्या मैदानावर, मंडळाच्या खोलीत आठवड्यामागून आठवडे चालणारे बोलणे रटाळ वाटेल, पण काम तेच करते.

प्रतिबंध आणि आधार ही दोन वेगळी खाती नाहीत. ज्या मुलाने मित्राच्या ‘बायकोला धाकात ठेवावे लागते’ या वाक्यावर मान डोलावली नाही, त्याच्याच घरी उद्या शेजारची बाई विश्वासाने येईल. ती आली की त्याला नेमके काय करता येते, हे कायद्याने बरेच स्पष्ट केले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमानुसार, हिंसा होत असल्याचे सकारण वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि कायदेशीर मदत एकत्र मिळणे अपेक्षित आहे. हद्द कुणाचीही असली तरी ठाण्याला गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, आणि बलात्कारपीडितेवर विनामूल्य उपचार करणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. गावातला बालविवाह थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची आहे. हे सारे कागदावर असले तरी जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावातून सांगली गाठायची, किंवा कोयना खोऱ्यातून सातारा, तर बाईचा दिवस मोडतो, मजुरी बुडते, पोर कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न उरतो, आणि ‘कुठे गेली होतीस’ हे विचारायला घर टपलेले असते. सोबत एसटीत बसणे, दवाखान्यातली कागदपत्रे जपून ठेवणे, तारखेला आठवण करणे आणि तोंड बंद ठेवणे ही कामे तरुण करू शकतात.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा घरातला मामला, गावाने त्यात पडू नये. पण आपली गावे घरात कधी पडली नाहीत? ग्रामस्वच्छता अभियानाने प्रत्येक घराच्या संडासाची उठाठेव केली आणि त्याबद्दल बक्षिसे घेतली. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला, आणि दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद होऊ लागले. मुलांच्या अभ्यासासाठी गावाने ते मान्य केले. घरातल्या पडद्यावर गावाची नजर चालत असेल, तर घरातल्या मारावर का नाही? दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. खोटी तक्रार असू शकते, पण ती तपासायला पोलीस आहेत, न्यायालय आहे. तरुणांनी निवाडाच करायचा नसेल, तर खरे-खोटे ठरवण्याचा भारही त्यांच्यावर येत नाही. ऐकून घेणे आणि ठाण्यापर्यंत सोबत जाणे याने कोणताही निरपराध माणूस तुरुंगात जात नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर जड आहे. गावातल्या पोरांच्या हाती ‘स्त्रियांची सुरक्षा’ दिली की ती स्त्रियांवरच पहारा बसवतील, ही भीती अनाठायी नाही. कोण कुणाशी बोलते, मोबाइलवर काय असते, कॉलेजहून यायला उशीर का झाला, याची चौकशी ‘रक्षणा’च्या नावाखालीच सुरू होते, आणि छेडछाडीची तक्रार केली तर शिक्षणच बंद होईल, या धास्तीने मुली गप्प बसतात. चार पुरुषांनी बसून बाईच्या आयुष्याचा निर्णय द्यायचा, ही रीत म्हणजे जातपंचायतच. तिच्या बहिष्काराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न करणाऱ्या जोडप्यांना सुरक्षित निवारा द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये सांगावे लागले आणि साताऱ्यात अंनिसने असा निवारा सुरू केला, तो घरच्याच ‘रक्षकां’पासून वाचण्यासाठी. म्हणून अटी घालूनच हे काम करावे लागेल. गटाचे नेतृत्व मुलींकडे असावे. मुलांचे पहिले काम मुलांमध्येच असावे. बाईच्या संमतीशिवाय एकही पाऊल उचलू नये. फक्त पीडित अठरा वर्षांखालील असेल, तर लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे कायद्यानेच सक्तीचे आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव, फोटो, गाव समाजमाध्यमांवर टाकणे गुन्हा आहे, हे पहिल्या बैठकीतच सांगावे. गटातला कुणी स्वतः आरोपी असेल, तर मंडळ त्याच्यामागे उभे राहणार नाही, हेही आधीच ठरलेले असावे.

शेवटचा आक्षेप कार्यकर्त्यांकडूनच येतो: सरकारने आपली जबाबदारी झटकायची आणि फुकट राबायला पोरे पुढे करायची, हे कसले धोरण? मुद्दा बरोबर आहे. प्रशिक्षित समुपदेशक, पूर्णवेळ संरक्षण अधिकारी, चालू असलेला निवारा यांची जागा उत्साही तरुण घेऊ शकत नाहीत. मागे खंबीर यंत्रणा नसेल, तर सोबत करणारा तरुणही सासरच्यांच्या आणि भावकीच्या रोषाला एकटाच तोंड देतो. म्हणून मागणी दुहेरी हवी. प्रत्येक तालुक्याला स्वतंत्र काम असणारा संरक्षण अधिकारी आणि प्रवासखर्चाची तरतूद सरकारने करावी. दुसरीकडे, राष्ट्रीय सेवा योजनेतला विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास देतोच. शिवाजी विद्यापीठाने सातारा-सांगलीतल्या महाविद्यालयांमध्ये त्यातला काही वाटा या प्रशिक्षणाला द्यावा. वृक्षारोपण आणि स्वच्छता फेरीने त्या तासांवर मक्तेदारी सांगण्याचे कारण नाही.

राहता राहिले मोजमाप, आणि खरी अडचण तिथे आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. ती तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. पाटलांच्या गृहमंत्रिपदाच्या काळातली. बांधाचे आणि वाटणीचे असंख्य वाद तिने कोर्टाबाहेर मिटवले, हे तिचे श्रेय आहे. पण ‘तंटा मिटला’ हेच यश मानणारी सवय घरातल्या मारहाणीला लावली, की बाईची समजूत काढून तिला त्याच घरात परत धाडणे हे गावाचे भूषण होऊन बसते. बांधाच्या वादात दोन बाजू बरोबरीच्या असू शकतात. मार देणारा आणि मार खाणारी यांच्यात तडजोड होते, तेव्हा ती कुणाच्या पदरातून होते हे सगळ्यांना ठाऊक असते. तरुणांचे काम नीट चालले, तर पहिली काही वर्षे गावातून जाणाऱ्या तक्रारी वाढतील. सरपंचाला, आमदाराला आणि पोलीस अधीक्षकांना त्यात गावाची बदनामी दिसेल, आणि पोरांना आवरा असा निरोप जाईल. त्या निरोपापुढे मंडळे टिकतात की नाही, यावर या कामाची खरी परीक्षा होईल. तक्रार न येणारे गाव शांत असेलच असे नाही. ७७ टक्के गप्प राहणाऱ्या देशात ते बहुधा फक्त गप्प असते.