दिवस गेल्यावर

बाई गरोदर राहिली की आपण म्हणतो, तिला दिवस गेले. बाळाच्या मणक्यापुरतं हे अक्षरशः खरं आहे. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मेंदू-मज्जारज्जूची नळी मिटते. खालच्या बाजूला ती उघडी राहिली, तर मूल पाठीवर गाठ घेऊन जन्मतं. डॉक्टर त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. शस्त्रक्रियेने पाठ बंद करता येते. गेलेल्या नसा परत येत नाहीत. पुष्कळदा पाय लुळे राहतात, लघवीवर ताबा राहत नाही, डोक्यात पाणी साठतं.

आता माता-बाल संरक्षण कार्ड काढा. नांदेडचं काढा, लातूरचं काढा. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख असते आणि नोंदणीची. मधलं अंतर मोजा. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली की सरकारदरबारी ती ‘लवकर’ ठरते. बारा आठवडे म्हणजे पाळीपासून ८४ दिवस. नळी मिटण्याची मुदत त्याच हिशेबाने ४२व्या दिवसाच्या सुमारास संपते. म्हणजे लवकरची हद्दच दुप्पट लांब आखलेली. हा दोष पुष्कळसा टाळणारी फॉलिक ॲसिडची गोळी बहुतेकींच्या हाती पडते ती या नोंदणीनंतर.

शाळेत मुलीला आठवड्याला एक निळी गोळी मिळते. गरोदरपणात लाल मिळते. दोन्हींत फॉलिक ॲसिड आहे. मणका घडतो तो या दोन गोळ्यांच्या मधल्या काळात. वीस ते एकोणपन्नास वर्षांच्या बाईलाही आठवड्याला एक गोळी सरकारी योजनेत लिहिलेली आहे. ती आपल्या घरात कोणी घेतली, एवढं विचारून पाहा.

घरचं वेळापत्रकही वेगळं नाही. तीन महिने कुणाला सांगायचं नाही. मग चोरओटी. मग ग्रहण आलं की विळीला हात लावायचा नाही, सुई धरायची नाही. आणि मूल अधू झालं की सासू विचारणार, ग्रहणात काय चिरलंस? ज्या ग्रहणाचा जाब तिला द्यावा लागतो, त्याच्या कितीतरी आधी मणक्याचा निकाल लागलेला असतो. कार्ड भरणारे आणि ग्रहण पाळणारे, दोघेही एकाच चुकीच्या वेळी जागे होतात.

अमेरिकेने १९९८पासून पिठातच फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं केलं. आपली ज्वारी गावच्या गिरणीत दळून येते, तिथे कोण काय मिसळणार? पोषणयुक्त तांदळात नियमाने किलोमागे फार तर १२५ मायक्रोग्रॅम. महिन्याभरात असा पाच किलो तांदूळ संपवला तरी रोजच्या ४०० मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने दीड दिवसाची गरज भागते.

गोळीने सगळंच टळतं असं नाही. पण ज्यांना आधी असं मूल झालं होतं, अशा बायकांवरच्या मोठ्या चाचणीत या दोषाचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. ही चाचणी १९९१ची आहे. नवीन काही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत हाच दोष पहिल्या क्रमांकावर आहे. मूल जन्मल्यावर तपासायच्या यादीत.

लग्नाला चार महिने होत नाहीत तोच ‘काही गोड बातमी?’ म्हणून विचारणारे गावात शेकड्याने आहेत. गोळी सुरू केलीस का, हे त्यांतलं कुणी विचारत नाही. तेव्हा येत्या लग्नसराईत बस्ता बांधायला निघाल, तर वाटेत औषधाच्या दुकानातही थांबा. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. दुसऱ्या बाळाचा विचार असणाऱ्यांनीही. पहिल्या मुलाला हा दोष असेल तर मात्रा दहापट लागते, आणि ती डॉक्टरांनीच लिहून द्यायची असते.