उपास सोपा, पारणे कठीण

खानदेशी माणसाला उपाशी राहण्याची विद्या बाहेरून शिकवावी लागत नाही. आषाढी आहे, श्रावणी सोमवार आहेत, चतुर्थ्या आहेत, नवरात्राचे नऊ दिवस आहेत. आणि यांतून उरलेल्या दिवसांत ज्याला डॉक्टरांनी काही ना काही पथ्य सांगितलेले नाही, असा पन्नाशीचा गृहस्थ जळगाव-धुळ्याकडे शोधूनच काढावा लागेल. या जुन्या उपासांच्या पंगतीत अलीकडे एक नवा पाहुणा पाट मांडून बसला आहे. त्याचे नाव ‘डीटॉक्स’. तो सात दिवसांचा असतो, चौदांचा असतो, एकवीस दिवसांचाही असतो. सकाळी हिरवा रस, दुपारी काकडी, रात्री पुन्हा रस, आणि शेवटच्या दिवशी वजनकाट्यावर उभे राहून काढलेला फोटो! शरीरात म्हणे वर्षानुवर्षांचा मळ साठलेला असतो, आणि तो या कोर्साने धुऊन निघतो.

एकवीस दिवस जिभेवर ताबा ठेवणाऱ्या माणसाची मी टिंगल करणार नाही. ते सोपे काम नाही, आणि आपल्यातल्या पुष्कळांना ते एकवीस तासही जमणार नाही. माझे भांडण आहे ते बाविसाव्या दिवसाशी. बाविसाव्या दिवशी सकाळी या माणसाने काय खावे, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. किती किलो उतरले, हे सारी गल्ली विचारते. आता जेवता काय, हे कोणी विचारत नाही. मग दोन दिवस तो वरण-भाकरीवर काढतो, तिसऱ्या दिवशी मित्रमंडळी ‘कोर्स सुटला’ म्हणून त्याला ढाब्यावर नेतात, आणि शेवभाजीच्या लाल तर्रीत एकवीस दिवसांचे पुण्य बुडते. दसऱ्याला गेलेले वजन संक्रांतीपर्यंत परत येते, आणि महाशिवरात्रीला नव्या कोर्साची चौकशी सुरू होते. या येरझाऱ्यांवरच तो धंदा चालतो.

म्हणून मला जे म्हणायचे आहे ते एका वाक्यात सांगतो. उपासाची परीक्षा पारण्याला होते, आणि पारणे हे एकट्या माणसाचे काम नाही, ते साऱ्या घराचे काम आहे.

प्रथम त्या ‘मळा’चा निकाल लावू. देहाची झाडलोट करायला निसर्गाने दोन चाकर ठेवलेले आहेत, यकृत आणि मूत्रपिंडे. ते रात्रंदिवस राबतात, दिवाळीचीही रजा घेत नाहीत. निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर तेवढा बाहेर टाकून बाकीचा शरीराला परत करतात. या कामाला बाटलीतल्या हिरव्या रसाची मदत लागत नाही. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे उतरते त्यात चरबी थोडी आणि पाणीच फार. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आधी खर्ची पडते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी शरीरातून जाते. भाकरी पोटात गेली, की ते पाणी परत येते. बिचारा माणूस म्हणतो, ‘माझे वजन वाढले.’ अरे बाबा, ते गेलेच नव्हते. ते गावाला जाऊन आले!

शिवाय रस म्हणजे निरुपद्रवी, असेही समजू नये. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. रस कडू लागला तर तो पिऊ नये, थुंकून टाकावा, हा त्यातून निघालेला धडा आहे. पण ‘कडू ते गुणकारी’ असे मानणाऱ्या आपल्या लोकांना तो पचनी पडणे कठीण. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी तर डॉक्टरांना न विचारता असल्या कोर्साच्या वाटेला जाऊच नये. औषध चालू आणि जेवण बंद, यात साखर एकाएकी उतरून माणूस बेशुद्ध पडतो.

आता बाविसाव्या दिवसाकडे वळू. तो माणूस ढाब्यावर गेला तो मनाचा दुबळा म्हणून, असे कोर्सवाले सांगतात. हे साफ खोटे आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. महायुद्धाने उपाशी पडलेल्या युरोपातील लोकांना पुन्हा जेवू कसे घालावे, हे त्याला समजून घ्यायचे होते. म्हणजे तो अभ्यास पारण्याचाच होता. हे तरुण स्वखुशीने आलेले, तत्त्वासाठी युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले होते. त्यांना कोण दुबळ्या मनाचे म्हणेल? त्यांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटले. मग अन्न मोकळे केल्यावर काय झाले? पोट तट्ट भरले तरी भूक भागेना, आणि कित्येकांच्या अंगावर पूर्वीहून अधिक चरबी चढली. उपाशी देह दुष्काळ आला असे समजतो आणि पुढच्या दुष्काळासाठी कोठार भरू लागतो. कोर्स जितका कडक, तितके हे कोठार भरण्याचे वेड मोठे. तेव्हा बाविसाव्या दिवशीचा दोष त्या माणसाच्या माथी मारू नका. ज्याने त्याला उपाशी ठेवले आणि पुढची वाट दाखवली नाही, तो खरा दोषी.

आमच्या जुन्या रीतीत ही वाट होती. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करणारी घरे आजही आहेत. त्यांचे वांगे पुन्हा ताटात येते ते चंपाषष्ठीला; खंडोबाला भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य दाखवून. पाहा, इतक्या महिन्यांच्या संयमानंतर घरात शिजते ते भाजलेले वांगे आणि बाजरी! व्रत सुटते ते रोजच्या, साध्या अन्नावर. यात शहाणपण आहे.

परंतु जुने ते सारे सोने, असे म्हणून मी तुमची फसवणूक करणार नाही. व्रत लागण्याआधी येणारी कांदेनवमी म्हणजे भज्यांची लूट असते. आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण काही परक्यांनी आपल्यावर केलेली नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या जोडीला शेंगदाण्याचा कूट, बटाटा आणि तूप घालून केलेला ‘उपास’ पाहिला, तर देवालाही हसू आवरत नसेल. शेजारीच भगर असते, ती खरे तर एक भरडधान्य. पण तिला मान दुसरा.

मग मोजमाप कोठून घ्यावे? त्यासाठी फार लांब जायला नको. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली, आणि अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलेच आहे, की फार खाणाऱ्यालाही योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. त्या अध्यायावर बोलताना विनोबांनी जीवनातल्या परिमिततेवर भर दिला. परिमितता, म्हणजे रोजचे माप. उपास सोडताना तो पाळण्यापेक्षाही अधिक संयम लागतो, हे गांधीजींचेही अनुभवाचे सांगणे आहे. ज्यांनी आयुष्यभर उपास केले त्यांनी पारण्याची एवढी चिंता वाहिली, आणि आम्ही एकवीस दिवसांचे तपस्वी मात्र बाविसाव्या दिवशी तर्रीत उडी घेतो!

हे रोजचे माप धरायचे कोणी? येथे कोर्सवाल्यांची दुसरी चूक आहे, आणि ती मला पहिलीहून मोठी वाटते. त्यांचा कोर्स असतो एका माणसाचा. घरातल्या कर्त्याने ‘डाएट’ धरले, की स्वयंपाकघरात दोन चुली पेटतात. एकीवर त्याच्यासाठी बिनतेलाचे, बिनमिठाचे काहीबाही. दुसरीवर मुलांसाठी पुऱ्या, सासऱ्यांसाठी मऊ खिचडी. राबते कोण? घरची बाई. आणि साऱ्यांचे आटोपल्यावर ती काय खाते? उरलेल्या पुऱ्या, आणि वाया जाऊ नये म्हणून त्याने टाकलेले काहीबाही. तिचे वजन, तिचे रक्त, तिची साखर मोजायला कोणताही कोर्स येत नाही. जो नियम एकाच्या ताटात वेगळा वाढावा लागतो तो सणाच्या पहिल्या पंगतीला मोडतो. घरात एकच स्वयंपाक, आणि तो सगळ्यांना मानवेल असा, हाच टिकणारा नियम.

हे अन्न आपल्याला कोणा दुकानातून आणायचे नाही. आपली कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीत उडीद मिसळून दळण्याची युक्ती ज्या माउलीने काढली तिने विज्ञानाचे पुस्तक वाचले नव्हते. पण ज्वारीच्या प्रथिनात जे कमी पडते ते उडीद भरून काढतो, हे आज विज्ञान सांगते. खानदेशच्या काळ्या जमिनीतली रब्बीची दादर ज्वारी आहे. बाजरी आहे, तिच्या नव्या वाणांवर धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात संशोधन चालते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि नेमके त्याच भाकरीला ‘गावंढळ’ म्हणून आम्ही लग्नाच्या पंगतीतून हाकलले आहे! जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या भरिताबरोबर आम्ही खातो पुऱ्या. आणि रावेर-यावलची केळी देशभर पाठवून आमची मुले मधल्या सुट्टीत केळ्याचे तळलेले वेफर चघळतात. शाळेत डबे उघडतात तेव्हा भाकरीचा डबा झाकून ठेवणारे मूल आणि पाकीट मिरवणारे मूल शेजारी-शेजारी बसलेले असते. ही लाज त्याला कोणी शिकवली? आपणच.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत चमत्कार काही नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत, वरून घातलेली साखर २०-२५ ग्रॅमच्या आत, एकूण उष्मांकांत धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, डाळी आणि भाज्या वाढवाव्यात. खानदेशी भाषेत सांगायचे तर भाकरी एक कमी, वरण एक वाटी जास्त, शेजारी कांद्याची पात, मुळा, मेथी. तेलाची बाटली कढईवर उपडी करू नये. महिन्याचे तेल मोजून भरावे आणि ते महिनाअखेरपर्यंत पुरवावे. शेवभाजी सोडा असे मी म्हणणार नाही, कारण ते कोणी ऐकणार नाही. महिन्यातून एकदा खा, आणि तर्रीवर पाव किंवा भाकरी बुडवत बसू नका.

यावर कोणी आजोबा म्हणतील, ‘आम्ही तूप-लोणी खाल्ले, आम्हाला काय झाले?’ आबा, तुम्ही दिवसभर नांगरामागे चाललात. तुमचा नातू दुचाकीवरून कोपऱ्यापर्यंत जातो आणि दुचाकीवरूनच परत येतो. त्याला तुमचे ताट हवे असेल तर तुमचा दिवसही घ्यावा लागेल. आयुर्विज्ञान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. आपल्या पंगतीत बसणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी त्यांतला असणारच.

आणि दिवाळी? दिवाळीला या गोष्टी काढून मी रंगाचा बेरंग करतो आहे, असे काहींना वाटेल. पण पंचांग उघडून पाहा. आषाढी एकादशीला लागलेला चातुर्मास सुटतो कार्तिकी एकादशीला, आणि दिवाळी येते त्याच्या आधी. म्हणजे आपल्या पूर्वजांनी दिवाळी संयमाच्या चार महिन्यांच्या पोटातच ठेवली! करंजी खावी, लाडू खावा, आनंदाने खावा. सण चार दिवसांचा आहे. चार दिवसांच्या फराळाने कोणाची प्रकृती बिघडत नाही. ती बिघडते फराळाचे डबे कार्तिकभर उघडे राहतात म्हणून, आणि त्याहीपेक्षा आपल्या आग्रहाने.

हा आग्रह खानदेशचे भूषण समजला जातो. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तरी त्या हातावरून लाडू सरकवायचा, ‘तुम्हाला माझी शपथ’ म्हणायचे, आणि कोणी साखरेचे दुखणे सांगितले तर ‘एकाने काय होते?’ असे हसून विचारायचे. दहा घरी एकेक म्हणजे संध्याकाळपर्यंत दहा लाडू होतात, हा हिशेब पहिलीतले पोरही करील. ज्याने नुकतेच कष्टाने वजन उतरवले आहे त्याचा खरा वैरी ढाबा नाही. खरे वैरी आपण, त्याच्यावर प्रेम करणारे लोक.

तेव्हा गृहस्थहो, गृहिणींनो, या दिवाळीला कोणताही कोर्स धरू नका. ‘आता पुरे’ असे पाहुण्याने एकदा म्हटले की ते खरे मानायचे, एवढे एकच व्रत घ्या. फराळ लहान ताटलीत द्या, सोबत फुटाणे ठेवा, जळगावचे एक केळे ठेवा. आणि भाऊबीज होऊन पाहुणे पांगले, की दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांसाठी, करणारीसकट, एकाच चुलीवर कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी होऊ द्या, आणि ती सगळ्यांनी एका वेळी, एकत्र बसून खा.