गळ्यातील गाठ आणि खाटेची अट

निराधार स्त्रीला दया नको, स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे साधन हवे, या भूमिकेतून महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला आश्रम हिंगण्याच्या माळावर नेला. त्या परिसराचे आज कर्वेनगर झाले आहे. याच कर्वेनगरात चार-पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीच्या गळ्यात गाठ दिसू लागली, तर तिच्या हाती कोणते साधन आहे, हा प्रश्न कर्व्यांचे नाव मिरवणाऱ्या शहराने स्वतःला विचारला पाहिजे.

थायरॉइडच्या गाठी पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतात. बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. परंतु कर्करोगाची गाठ कोणती, हे नुसत्या हाताला कळत नाही. म्हणून संशयास्पद गाठीत, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, बारीक सुई घालून पेशी काढतात. तपासणी साधी आहे. बहुधा उपाशी राहावे लागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. आपल्या मनाने ती बंद करू नये. सुई आत असताना गिळू वा बोलू नये. नंतर काही मिनिटे जागा दाबून धरावी. किंचित सूज, काळेनिळेपणा थोड्या दिवसांत ओसरतो. मान झपाट्याने सुजली, श्वास कोंडला वा ताप आला, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावे. एक दिवस जड वजन उचलू नये.

वैद्यकाचे काम येथे संपते आणि अर्थकारणाचे सुरू होते. भरलेल्या बादल्या उचलणे हाच जिचा व्यवसाय, तिने हा शेवटचा सल्ला पाळायचा कसा? पगारवाढ आणि रजेसाठी पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली संप केला. २००८ साली राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याने मंडळ दिले, पगारी रजेचा हक्क दिला नाही. एक फेरी कागदासाठी, दुसरी सुईसाठी, तिसरी अहवालासाठी. नमुना अपुरा निघाला तर चौथी. प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा. सुईची जखम भरते, खाड्याची भरत नाही.

सरकारपक्षाचे लोक येथे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेकडे बोट दाखवतील. परंतु ती योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे आणि ही तपासणी दाखल न होताच होते. म्हणजे शस्त्रक्रियेला संरक्षण आहे; शस्त्रक्रिया हवी की नको, हे ठरवणाऱ्या तपासणीला नाही. खाटेवर पडल्यावाचून गरिबाचा आजार सरकारला दिसत नाही! २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला. सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०२५ पर्यंत तो २.५ टक्के करण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या आरोग्य धोरणातच लिहिलेले आहे.

बाजार हा प्रश्न सोडवील, असे म्हणणाऱ्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावे. १९९९ नंतर तेथे सरकारी कर्करोग-तपासणीच्या जोडीला, अल्प शुल्कात, निरोगी माणसांच्या गळ्यांचीही सोनोग्राफी होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. मृत्यूचे प्रमाण मात्र जिथल्या तिथे राहिले. रुग्णाला आपली गरज स्वतः जोखता येत नाही, म्हणून आरोग्यसेवा हा सामान्य बाजार नव्हे, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवले होते. बाजार पैसेवाल्याला नको तेवढी तपासणी विकतो आणि गरजवंताला दारातून परत पाठवतो.

यास्तव मागण्या स्पष्ट आहेत. महापालिकेच्या रुग्णालयांत आठवड्याचा एक वार या तपासणीसाठी ठरवावा व अहवालाची मुदत बांधावी. पूर्वतयारी आणि नंतरची काळजी मराठीत छापून रुग्णाच्या हाती द्यावी. बाह्यरुग्ण तपासण्या योजनेत घ्याव्यात. घरकामगारांना आजारपणाची पगारी रजा कायद्याने मिळावी. आणि कायद्याची वाट न पाहता, कर्वेनगरातील सुशिक्षित घरांनी ती आजपासूनच द्यावी. कर्व्यांच्या पुतळ्याला हार घालण्यापेक्षा हे अवघड आहे. म्हणूनच ते करण्याजोगे आहे.