ऊन एकच, डोकी वेगळी



"तो बघ कसा भर दुपारी राबतोय, तुलाच बरं ऊन लागतं!" असं मजुराला बोलणं आमच्या वाडीवर बंद केलंय. घर चारकोपला, भाजीची वाडी खाडीपलीकडे गोराईत. पारा ३४-३५ म्हटलं की विदर्भातली मंडळी हसतात. पण इकडे दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला तरच अंग थंड होतं. म्हणून तर हवामान खातं उष्णतेच्या लाटेसाठी मैदानात ४० अंश धरतं, किनाऱ्यावर ३७.

चक्कर येऊन पडायच्या आधीच माणसाचं डोकं चुकायला लागतं. तेच तेच विचारतो, मोजताना घोळ करतो, उगाच चिडतो. ६० किलोच्या माणसाच्या अंगातलं सव्वा लिटरभर पाणी गेलं तरी लक्ष लागेनासं होतं. २०१६ साली बोस्टनला उष्णतेच्या लाटेत हार्वर्डच्या संशोधकांनी कॉलेजच्या पोरांची सकाळी उठल्या उठल्या चाचणी घेतली. बिनएसीच्या खोलीत झोपलेली पोरं एसीवाल्यांपेक्षा मागे पडली. पोरं तरणीबांड, आणि उन्हात राबलेलीही नव्हती! मग पत्र्याखाली रात्र काढून आलेल्या मजुराचं काय होत असेल?

हद्द प्रत्येकाची वेगळी. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात लाखो लोक एकाच उन्हात बसले होते. बहुतेक घरी परतले, १४ जण गेले. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, महिनाभर सावलीत राहिलात की ती सवय जाते. बीपीची लघवी वाढवणारी गोळी, सर्दीची गोळी, साखर, वय, रात्रीची दारू, सगळ्यानं फरक पडतो. (गोळी मात्र मनानं बंद करू नका, डॉक्टरला विचारा.)

आता फवारणीचं बघा. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं बरीच निघाली, सगळं उन्हावर ढकलत नाही. पण औषध मोजणं, मिसळणं, वाऱ्याची दिशा बघणं ही डोक्याची कामं आहेत, आणि घामेजल्या कातडीतून विष जास्त भिनतं. कृषी अधिकारी साहेबांना विनंती, सकाळी फवारा हा सल्ला तुम्ही पिकासाठी नि मधमाशीसाठी देता, फवारणाऱ्याच्या डोक्यासाठी म्हणूनही द्या.

आमच्याकडे मोजमाप आणि पैशाचा हिशोब नऊच्या आत उरकतो. गावाहून परतलेल्याला पहिला आठवडा दुपारचं काम नाही, हजेरी मात्र पूर्ण. त्यावर शेजारचे म्हणतात, लाडावून ठेवलेत. म्हणू देत.

आणि कुणी असंबद्ध बोलायला लागला तर दारू प्यायलाय म्हणून सोडून देऊ नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.