एक झाकण कॅल्शियम

या आठवड्यात कॅल्शियमच्या आणखी एका बाटलीवर तीच ओळ वाचायला मिळाली: आठवड्यातून दोनदा एक झाकण. खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी शंभर लिटरची की चारशेची, आत कोण राहतं, पाण्यात आधीच कॅल्शियम किती, कशाचाच पत्ता नाही. झाकणाला माप मानणाऱ्यांवर या जागेत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. पण बाटल्या वर्धा जिल्ह्यातल्या सेलूपर्यंत येतात आणि खपतातही, तेव्हा आणखी थोडी होऊ द्या. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ते वापरतात कठीण प्रवाळं, शंख-शिंपले आणि दगडावर चढणारं गुलाबी शेवाळ. कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा घरच्या टाकीत ती नसावीतच. नुसते मासे असलेल्या टाकीत कॅल्शियम संपवणारं कोणीच नसतं. नेमानं थोडं पाणी बदललं की नव्या मिठातून लागेल तेवढं मिळतं. म्हणजे बहुतेकांसाठी सगळ्यात स्वस्त मात्रा शून्य!

ज्यांच्या टाकीत शंख आणि गुलाबी शेवाळ भरपूर आहे, त्यांनी संत्र्याच्या बागेत बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण कसं करतात ते पाहावं. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत कालवून मगच एकत्र करायचं. नंतर लोखंडी विळ्याचं पातं त्यात बुडवायचं; पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा, आणि पातं कोरं निघालं तरच फवारणी. बागायतदार आधी तपासतो आणि मग घालतो. टाकीवाला आधी ओततो, आणि पाणी दुधासारखं झालं की दुकानदाराला फोन करतो. ते दूध म्हणजे तळाशी बसणारा चुनखडा: कॅल्शियम क्लोराइड आणि खायचा सोडा एकाच वेळी एकाच जागी पडले की तोच होणार. वर्षाकाठी तपासणीच्या किटला पैसे पडतात हे खरं, पण वाया गेलेल्या बाटल्यांपेक्षा कमीच.

हिशेब तर सातवीतला आहे. १०० लिटर पाण्यात कॅल्शियम लिटरमागे २० मिलिग्रॅमनं वाढवायचं तर २ ग्रॅम कॅल्शियम हवं. पाणी धरलेल्या, म्हणजे डायहायड्रेट, कॅल्शियम क्लोराइडमध्ये ते २७ टक्के असतं, म्हणून साडेसात ग्रॅम पुरे. निर्जल पावडर असेल तर साडेपाच. डब्यावरचं हे बारीक अक्षर न वाचता वजन करणं व्यर्थ. बाटलीत सूक्ष्म घटकही असतात, असा आक्षेप येईल. असतील, पण ते पाणी बदलताना मिठातून येतातच, आणि बाटलीत बहुतांश पाणीच असतं.

चुन्याची निवळी आणखी स्वस्त. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो, आणि ही निवळी कॅल्शियमसोबत क्षारताही देते. मात्र तिचा सामू बाराच्या वर असतो, म्हणून रात्री, टाकीचा सामू उतरलेला असताना, थेंबाथेंबानं सोडावी. उडालेल्या पाण्याची भर निवळीनंच करा, असा सल्ला थंड हवेत चालतो. वर्ध्याच्या मे महिन्यात टाकीतलं पाणी इतकं उडतं की सगळी भर निवळीची केली तर सामू हाताबाहेर जाईल. निम्मं तरी साधं आरओचं पाणी घाला. पानाच्या टपरीवरची डबी नको, शुद्ध चुना घ्या आणि कालवताना डोळे सांभाळा. आणि बोर्डोची बादली कितीही घासून धुतली असली तरी निवळीसाठी घेऊ नका. तिच्यात राहिलेल्या चिमूटभर तांब्यानंही टाकीतले शंख मरतात.